नऊ नंबरची तिसरी खिडकी

आमच्या गल्लीत सध्या अशी बातमी फिरते आहे की, जाकीटवहिनींनी धाकट्या जावेची नोकरी घालवण्यासाठी कारखान्यातली गरम पाण्याची नळी फोडली आणि त्यात दोन माणसं भाजली. दूध घालायला येणाऱ्या बाईंच्या तोंडी ही माणसं आता चार झाली आहेत, आणि त्यातलं एक शेवटच्या घटका मोजतंय म्हणे.

तर नळी फुटलेली नाही. भाजलंही कुणी नाही. वहिनींनी केलं ते एवढंच, की नळीवरच्या पत्र्याला तळहाताएवढी खिडकी पाडून आत डोकावून पाहिलं. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या दोन खिडक्यांबद्दल कुणाची काही तक्रार नाही. जे झालं ते तिसरीमुळे.

मला हे कसं ठाऊक, असं विचाराल. मी त्याच कारखान्याच्या भांडारात बसतो. स्क्रूपासून शिडीपर्यंत जे बाहेर जातं ते माझ्या टेबलावरून जातं. आणि राहतो वहिनींच्या शेजारी, मध्ये एका विटेची भिंत. दिवसा टेबल आणि संध्याकाळी भिंत. मी कुणाच्या भानगडीत पडत नाही, भानगडीच माझ्याकडे येतात.

वहिनींचं नाव जाकीटवहिनी कसं पडलं, ते आधी सांगतो. कारखान्यात गरम नळ्यांना उघडं ठेवत नाहीत. नळीभोवती दगडापासून केलेली लोकर गुंडाळतात आणि लोकरीवर पत्र्याचं कवच चढवतात. याला लॅगिंग म्हणतात. पण व्हॉल्व वरचेवर उघडावे लागतात, त्यांना पत्रा ठोकून चालत नाही. त्यांना कापडी जाकीट शिवतात, पट्ट्या-बकलं लावून, काढता-घालता येणारं. बावीस वर्षांपूर्वी वहिनी या जाकिटांच्या शिलाईला लागल्या. व्हॉल्वकडे एकदा बघून माप सांगायच्या, आणि जाकीट असं बसायचं की व्हॉल्वला लग्नाला न्यावं. नवऱ्याचा शर्ट मात्र अजून खांद्यातून उतरतो. पुढे शिलाई सोडून त्या पत्र्याच्या कामावर गेल्या आणि टोळीच्या मुख्य मिस्त्री झाल्या.

या धंद्यातला शत्रू म्हणजे पाणी. पत्र्याच्या सांध्यातून थोडं जरी आत शिरलं तरी लोकर ते धरून ठेवते. बाहेरून पत्रा चकचकीत आणि आत लोखंड गुपचूप गंजतंय. कळतं तेव्हा नळीला भोक पडलेलं असतं. वहिनी टोळीत आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगतात. एक, वरचा पत्रा नेहमी खालच्यावर यायला हवा, म्हणजे पाणी ओघळून जातं, आत शिरत नाही. आणि दुसरी, "कडक तापलेल्या नळीची काळजी करू नकोस, तिच्यावर पाणी टिकत नाही, उडून जातं. कोमट असेल तिच्यावर नजर ठेव. कोमट नळी आधी सडते."

ज्यांना त्यांनी हे शिकवलं त्यांत एक त्यांची धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिला पत्रा कापायची कात्री धरता येत नव्हती. वहिनींनीच साहेबांकडे शब्द टाकून तिला टोळीत घेतलं. बोटाला चिंध्या बांधून बांधून कात्री शिकवली. चार वर्षं दोघी एका शिडीवर. गल्लीत म्हणायचे, जावा असाव्यात तर अशा. मीही म्हणायचो. मग धाकटीनं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन पदविका घेतली, आणि एका सोमवारी ती तपासणी खात्यात गेली.

त्यांच्या घरात जिन्याखाली दोन खुंट्या आहेत. खालच्या मजल्यावर थोरली, वरच्यावर धाकटी, जिना एकच. दोन्ही खुंट्यांवर पिवळी हेल्मेटं असायची. पिवळं कामगाराचं. त्या सोमवारी एका खुंटीवर पांढरं आलं. पांढरं साहेबलोकांचं. वहिनी घरात जाता-येता त्या खुंटीकडे अशा बघायच्या, जसं कुणी त्यांच्याच घरात त्यांना न विचारता बिऱ्हाड मांडलंय.

त्यात सासूबाई. त्यांचा सकाळचा चहा वर आणि जेवण खाली. मधल्या वेळात त्या वरचं खाली आणि खालचं वर पोचवतात, आणि मी भिंतीपलीकडे असतो.

"वरची काल म्हणत होती, साहेबांनी तिला खुर्ची दिली बसायला," सासूबाई म्हणायच्या.

"बसू दे," वहिनी म्हणायच्या. "माझे पाय धड आहेत."

"तुला कुणी कधी दिली का खुर्ची?"

"आई, भात घेताय की झालं तुमचं?"

पुढे सात नंबर आणि नऊ नंबर, अशा दोन नळ्या एकाच महिन्यात टाकल्या गेल्या. दोन्ही कोमट. सातचं लॅगिंग वहिनींच्या टोळीनं केलं, वहिनींच्या पद्धतीनं. नऊचं झालं धाकटीच्या सांगण्याप्रमाणे. आणि इथे दोघींची पहिली जाहीर जुंपली, ती माझ्या टेबलासमोर, कारण धाकटी रंगाचे डबे न्यायला आली होती आणि वहिनी हातमोजे.

"रंग कशाला?" वहिनींनी विचारलं.

"नळीला. लोकर गुंडाळायच्या आधी दोन हात."

"आत कोण बघायला जाणार आहे गं? नळीचं लग्न ठरलंय का?"

"ताई, पाणी आत गेलं तर रंग लोखंडाला सांभाळेल. आणि पत्र्याला खालच्या अंगाला बारीक भोकं ठेवणार आहे, गेलेलं पाणी बाहेर पडायला."

"भोकं? पत्र्याला?" वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी साक्षीदार असल्यासारखं. "भावजी, ऐका. इतकी वर्षं मी पत्र्याची भोकं बुजवतेय, आणि ही पाडणार. अगं, पत्रा नीट बसवला तर पाणी जाईलच कसं आत?"

"जाईल, ताई. आज नाही तर पाच वर्षांनी. जाणारच, असं धरून चालायचं."

"माझ्या पत्र्यातून नाही जात," वहिनी म्हणाल्या, आणि हातमोजे न घेताच गेल्या.

चार वर्षं दोन्ही नळ्या सुखानं चालल्या. मग गेल्या वर्षी साहेबांनी जाहीर केलं, की सगळ्या कारखान्याच्या लॅगिंगवर आता एक प्रमुख नेमायचा. नावं दोनच. एक बावीस वर्षांची मिस्त्री, एक पदविकावाली. कारखाना दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद राहील तेव्हा सात आणि नऊ उघडून बघू, जिची नळी आतून कोरडी ती प्रमुख. साहेबांना वाटलं, याहून सरळ न्याय नाही. सरळ होताच. फक्त त्याला दहा महिने अवकाश होता, आणि साहेबांना जावा नव्हत्या.

वहिनींना दहा महिने दम निघेना. सात कोरडी असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. झोप उडाली होती ती नऊ नंबरनं. रंग मारलेली, खाली भोकं पाडलेली नळी आतून कशी दिसत असेल, हे एकदा, फक्त एकदा बघायचं होतं.

तपासणीचे लोक पत्र्याला खिडक्या पाडतात, त्यात नवल नाही. पण त्याची नोंद होते, परवानगी लागते. वहिनींनी माझ्याकडून कात्री, सहा स्क्रू आणि सांधा बुजवायच्या सीलंटची एक नळकांडी नेली. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "किरकोळ काम आहे." चेहऱ्यावर मात्र किरकोळ काही नव्हतं.

पहिली खिडकी पाडली, तर आत सगळं कोरडं. रंग कालच मारल्यासारखा. वहिनींनी खिडकीचा पत्रा परत असा बसवला की शोधूनही सापडू नये. वरची कड वरच्या पत्र्याखाली सरकवलेली, खालची कड खालच्या पत्र्यावर, सीलंटची रेघ सरळ. दोन महिन्यांनी परत कात्री, परत सहा स्क्रू, परत नळकांडी. वीस पावलं पुढे दुसरी खिडकी. तीही कोरडी. त्या दिवशी घरी भांडी घासण्याचा आवाज माझ्या भिंतीतून नुसता आला नाही, भिंतीवरचं घड्याळ हललं.

"काय झालं गं?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही. सगळं छान आहे. सगळ्यांचं सगळं छान आहे."

माणसाला दुसऱ्याचं वाईट दिसलं तर तो एकदा बघून थांबतो. चांगलं दिसलं की पुन्हा पुन्हा बघतो. तिसरी खिडकी वहिनींनी पाडली ती मागच्या अंगाला, पाणी थंड करायच्या मनोऱ्याकडे तोंड करून. तिथे दिवसभर मनोऱ्यातून तुषार उडत असतात आणि पत्रा सदा ओला असतो. इथे तरी काही सापडेल असं वाटलं असावं. पत्रा कापून झाला, लोकर बाजूला सारली, आणि खालून आवाज आला. धाकटीचा. कुणाला तरी म्हणत होती, "शिडी इकडे आणा."

वहिनींनी बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. कापलेला तुकडा घाईनं जागेवर दाबला, दोन स्क्रू पिळले आणि पलीकडच्या शिडीनं उतरल्या. वरची कड पत्र्याच्या आत गेली नव्हती, बाहेर राहिली होती. म्हणजे वरून ओघळणारा प्रत्येक थेंब आत घेणारं एक तोंड तयार झालं होतं. सीलंटची नळकांडी खिशातच.

धाकटी नऊकडे आलीच नव्हती. ती शिडी दुसरीकडेच जायची होती.

आता मला सांगा, तुम्ही असता तर काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी जाऊन खिडकी नीट बसवली असती. वहिनींनाही तेच वाटलं. सकाळी सकाळी टेबलाशी आल्या, नळकांडी मागितली, मी दिली. दुपारी ती तशीच परत आणून ठेवली.

"झालं का काम?"

"नाही. राहू द्या."

चार दिवसांनी पुन्हा नेली, पुन्हा आणली. असं मी सहा वेळा पाहिलं. ती नळकांडी एवढी फिरली की तिच्यावरची अक्षरं पुसली गेली. मी गमतीनं म्हणालो, "वहिनी, हिला हवापालटासाठी नेता का?" हसल्या नाहीत.

त्यांचा हिशेब सरळ होता. खिडकी बुजवली तर नऊ कोरडी राहते, आणि पांढरं हेल्मेट आणखी पांढरं होतं. नाही बुजवली तर मनोरा आपलं काम करतो, आणि त्यांना एक बोटही हलवावं लागत नाही. पण प्रत्येक वेळी नऊखालून जाताना त्यांची मान आपोआप वर जायची. टोळीतल्या एकानं मला सांगितलं, बाई हल्ली बोलता बोलता मध्येच थांबतात आणि आकाशात बघतात, काय झालंय? मी म्हणालो, वय झालं. मला काय ठाऊक तेव्हा, वर खिडकी आहे म्हणून.

घरी धाकटी खाली जेवायला आली की वहिनी तिला आग्रह करून वाढायच्या. सासूबाईंना संशय आला.

"तू तिला एवढं वाढतेस ते? बरी आहेस ना?"

"बरी आहे, आई."

"ताई, पुरे," धाकटी म्हणायची. "मी काय परगावी चालले?"

बंदचा आठवडा आला. नळ्या थंड पडल्या. साहेब, दोघी जावा, वहिनींची टोळी आणि हत्यारं द्यायला मी. कुठे उघडायचं त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या, सातच्या तीन, नऊच्या तीन. सातची पहिली जागा कोरडी, दुसरी कोरडी, तिसरी कोरडी. वहिनींच्या टोळीच्या छात्या फुगल्या. नऊच्याही तिन्ही कोरड्या. मागच्या अंगाची एकही चिठ्ठी आली नव्हती.

साहेब म्हणाले, "बरोबरी झाली. मग मी अनुभवाला मान देतो. बावीस वर्षं म्हणजे काही कमी नाहीत." आणि वहिनींकडे हात पुढे केला.

जागा त्यांची झाली होती. हात हातात घ्यायचा आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. टोळीतल्या एकानं तर टाळीसाठी हातमोजे काढले होते. पण वहिनी साहेबांच्या हाताकडे बघतच नव्हत्या. बघत होत्या नऊकडे. नुसतं जिंकून त्यांचं भागत नव्हतं. धाकटीचा गंज डोळ्यांनी बघायचा होता, आणि तिनं तो बघितलेला बघायचा होता.

"साहेब, नऊवर आणखी एक जागा उघडा," त्या म्हणाल्या. "मागच्या अंगाला. मनोऱ्याकडे."

धाकटी त्यांच्याकडे वळली. "ताई, चिठ्ठ्या झाल्या ना?"

"घाबरतेस कशाला? तुझी भोकं आहेत की."

शिड्या लावल्या. दोघी वर चढल्या, कितीतरी वर्षांनी एका शिडीच्या दोन बाजूंनी. धाकटीला खिडकी लगेच दिसली. तिनं पत्र्याच्या बाहेर आलेल्या कडेवरून बोट फिरवलं. वहिनींनी तुकडा काढला आणि लोकर ओढली. लोकर दमट होती. आत नळीवर पाण्याचे ओघळ उमटलेले. ते ओघळ खाली गेले होते, भोकापर्यंत, आणि भोकातून बाहेर. रंग जशाच्या तसा. वहिनींनी नखानं खरवडून पाहिलं. पुन्हा खरवडलं. रंगच निघेना, तर गंज कुठून निघणार?

"ही खिडकी कुणी पाडली?" खालून साहेबांनी विचारलं.

धाकटी वहिनींकडे बघत होती. तिला कळलं होतं, हे उघड आहे. पत्रा कापायची ती सरळ रेघ तिला शिकवणारी एकच बाई होती. पण बोलली नाही ती.

"मी पाडली," वहिनी म्हणाल्या. "आणि बसवली पण मीच. वरचं खालच्यावर न आणता."

त्या शिडीवरून उतरल्या. मला वाटलं, आता गेटबाहेर जातील. तर माझ्या हातातली कात्री घेतली आणि सरळ सातकडे गेल्या. सातवर एका वाकणापाशी पत्रा चेपलेला होता. मीटर वाचणारे लोक तिथे पाय देऊन वर चढतात. चार वर्षं सगळे बघत होते, वहिनीही. पत्रा चेपलाय, फाटलेला नाही, मग काय होतंय, असं म्हणून सगळे पुढे जायचे. वहिनींनी चेपलेल्या जागेच्या बरोबर खाली पत्रा फाडला.

पाण्याची धारच लागली. लोकर हातात घेतली तर पिळून निघत होती. पाणी चेपामुळे सुटलेल्या सांध्यातून आत गेलं होतं, आणि वहिनींचा पत्रा एवढा पक्का, की बाहेर पडायला त्याला जागाच नव्हती. खाली लोखंडाचे पापुद्रे सुटले होते. धाकटीनं जाडी मोजायचं यंत्र लावलं. आठ मिलिमीटरची नळी तिथे अडीचवर आली होती. तिनं यंत्र दोनदा पुसून परत लावलं. आकडा तोच.

"आणखी वर्षभर गेलं असतं तर..." साहेब म्हणाले, आणि वाक्य सोडून दिलं.

"पाणी जाणारच, असं ही म्हणाली होती," वहिनी म्हणाल्या. धाकटीकडे मात्र बघितलं नाही. "प्रमुख हिला करा."

धाकटी प्रमुख झाली. तिचा पहिला हुकूम असा, की कारखान्यात एकही खिडकी नोंदीशिवाय पडणार नाही. दुसरा असा, की तपासणीवाल्यांनी आजवर पाडलेल्या आणि कशाबशा झाकलेल्या सगळ्या खिडक्या पुन्हा उघडून नीट बसवायच्या, आणि हे काम थोरल्या मिस्त्रींशिवाय कुणी करायचं नाही. कारण नऊवरच्या पहिल्या दोन खिडक्या तिनं उघडून पाहिल्या होत्या. त्यांतून पाण्याचा थेंबही आत गेला नव्हता.

वहिनींनी त्या कामाला हो म्हटलं, आणि सातला रंगही मारला, दोन हात. पण म्हणून घरात गोडीगुलाबी झाली असं समजू नका. पांढऱ्या हेल्मेटशेजारची खुंटी त्यांनी सोडली, पिवळं आता स्वयंपाकघरात टांगतात. सासूबाईंनी परवा म्हटलं, "वरचीला म्हणे आता स्वतंत्र खोली दिली." तर वहिनी म्हणाल्या, "पंखा आहे का खोलीत?" सासूबाई म्हणाल्या, आहे. त्यानंतर भांडी वाजली. घड्याळ मी आता त्या भिंतीवरून काढलंच आहे.

राहिली गल्लीतली बातमी. मी न्हाव्याच्या दुकानात बसलो असताना एवढंच म्हणालो होतो, की वहिनींनी नऊ नंबरला हात लावला, थोडक्यात निभावलं. पुढची भाजलेली माणसं माझी नव्हेत. पण ती फिरत फिरत वहिनींच्या कानावर गेली, आणि काल त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, "या वहिनी, बसा. लोकांचं काय मनावर घेता? लोक जळतात. मला बघा. माझ्यामागून आलेला मोठ्या भांडारावर गेला, मी कधी एका शब्दानं बोललो? त्याच्या तोंडावर हसलो, हात मिळवला. तुम्हीही आता धाकटीवर जळणं सोडा."

त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "जळते की. तिला तोंडावर सांगितलंय, जळते म्हणून. मी कडक तापते, भावजी, माझ्यावर पाणी टिकत नाही. तुमचा पत्रा मात्र एकदा उघडून बघायला हवा. कोमट आहात तुम्ही."